पडताना न दिसणारा डाग

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी, भाईंदर पूर्वेतील आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये शनिवारी घेतलेला लघवीचा एक नमुना काळा झालेला आढळला. नमुना चौदा महिन्यांच्या मुलाचा होता. शनिवारी संध्याकाळी तो फिकट पिवळा होता आणि तपासणीत त्यात काहीही दोष सापडला नव्हता. त्याच आठवड्यात बुधवारी त्या मुलाला भूल देऊन दुर्बिणीने तपासायचे ठरले होते.

मी या लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो. आता निवृत्त आहे. लॅबमध्ये येण्याआधी बी.एस्सी. होऊन काही वर्षे एका सायंदैनिकात वार्ताहर होतो. ते बंद पडले, तेव्हा डीएमएलटी हा लॅब-तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम केला. दोन्ही नोकऱ्यांत काम एकच होते: दिसले ते लिहायचे, वाटले ते लिहायचे नाही. लॅबमध्ये वाटण्याचा अधिकार पॅथॉलॉजिस्टना असतो. अहवालावर सही त्यांची असते.

लॅब म्हणजे रस्त्यालगतचा एक गाळा. एका बाजूला फरसाणचे दुकान, दुसऱ्या बाजूला मोबाइल दुरुस्ती. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी: ‘लघवी तपासणी – रिपोर्ट अर्ध्या तासात’. या पाटीचा आम्हाला अभिमान होता आणि तो पोकळ नव्हता. लघवी ताजीच तपासायची असते. ठेवली की त्यात जंतू वाढतात, साखर असेल तर ते ती खातात, पेशी फुटतात. म्हणून नमुना आला की त्यात रसायनांची पट्टी बुडवायची, रंग वाचायचे, उरलेला नमुना यंत्रात फिरवून गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, लिहायचे आणि राहिलेले सिंकमध्ये ओतून द्यायचे. बाटली कचऱ्यात. पुढचा.

बाटली आम्ही देत असू, तरी लोक स्वतःची आणत. लोणच्याची बरणी, खोकल्याच्या औषधाची बाटली. एका गृहस्थांनी अत्तराची कुपी आणली होती. लघवीला मोगऱ्याचा वास येत होता आणि त्यांना त्याबद्दल काही बोललेले आवडले नाही.

त्या पट्टीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. पट्टीवर छोटे रंगीत चौकोन असतात. साखरेच्या चौकोनात एका बुरशीपासून मिळवलेले विकर वाळवून बसवलेले असते. विकर हा शाळेच्या पुस्तकातला शब्द. गिऱ्हाईक एन्झाइम म्हणते. हे विकर साखर आणि ऑक्सिजन यांची गाठ घालून देते. त्यातून जे तयार होते, ते शेजारच्या रंगद्रव्याचा रंग बदलते. ऑक्सिजन वापरणारी विकरे स्वयंपाकघरातही भेटतात. चिरलेले वांगे काळे पडते ते अशाच एका विकरामुळे. फोडी पाण्यात टाकल्या की हवा कमी मिळते आणि काम मंदावते.

पट्टीला फसवता येते. जवळच्याच इंद्रलोक वस्तीतले एक सद्गृहस्थ विम्याच्या तपासणीसाठी आले होते. त्यांना कोणीतरी सांगितले होते की व्हिटॅमिन सीच्या गोळ्या भरपूर खाल्ल्या की पट्टी गप्प बसते. पट्टी गप्प बसली. मला संशय आला तो त्यांच्या चेहऱ्यावरच्या समाधानामुळे. मी फडताळाच्या वरच्या कप्प्यातून बेनेडिक्टचे निळे द्रावण काढले. ही जुनी पद्धत. त्यात नमुना घालून उकळायचे. साखर असली तर निळ्याचे विटकरी होते. ते विटकरी झाले. पण बेनेडिक्ट साखर ओळखत नाही, एक विशिष्ट रासायनिक स्वभाव ओळखते. तो व्हिटॅमिन सीचाही असतो. म्हणून त्यावरून काही लिहिता येत नव्हते. त्याची गरजही पडली नाही. विम्यासाठी रक्तही घेतले होते आणि रक्तात साखर होती.

“मग गोळ्यांचा काहीच उपयोग नाही?” त्यांनी विचारले.

“सर्दीला होतो म्हणतात,” मी म्हटले.

पॅथॉलॉजिस्ट मॅडम गुजराती. वैद्यकीय भाषा इंग्रजी, रागाची हिंदी, पेशंटशी मराठी. त्यांनी ते ऐकून मला आत बोलावले आणि सांगितले की पेशंटची मस्करी करायची नाही. निळी बाटली मात्र फेकू नका म्हणाल्या.

पूजा पहिल्यांदा आली ती त्या वर्षीच्या ज्येष्ठात. वय पंचविशीचे, माहेर येवल्याकडचे, घरी मक्याची शेती. नवरा अंधेरीला एका कुरिअर कंपनीत. कडेवर मुलगा, ईशान. मागे सासूबाई. पूजाने प्लास्टिकच्या पिशवीतून एक धुतलेला सुती लंगोट काढून काउंटरवर ठेवला. मधोमध तपकिरी, जवळजवळ काळा डाग होता.

“काका, हा लघवीचा डाग आहे. डॉक्टरांना रक्ताचा संशय आहे. त्यांनी लघवी तपासायला सांगितलीय.”

“लघवीचा कसला,” सासूबाई म्हणाल्या. “केळीचा डाग आहे हा. मी जन्मभर बघितलेत. तुम्ही कुठले?”

“लांज्याचे. सावंत.”

“मग तुम्हाला काय सांगायचं. केळीचा चीक कपड्यावर पडताना दिसत नाही. पाण्यासारखा असतो. नंतर उमटतो. साबण लावला की आणखीनच.”

“केळीची पानं खालून कापून कोण आणतं, आई?” पूजा म्हणाली. “पानं तुम्ही आणायची आणि डाग माझ्या नावावर.”

“मी पानं लंगोटात गुंडाळून आणत नाही.”

ईशान या काळात माझ्या पेनाचे टोपण चघळत होता. नमुना घेतला. फिकट पिवळा, रक्त नाही, साखर नाही, गाळात काही नाही. अर्ध्या तासात अहवाल दिला आणि नमुना ओतला.

महिनाभराने ती पुन्हा आली. पुन्हा काही निघाले नाही. बालरोगतज्ज्ञांची अडचण समजण्यासारखी होती. त्यांच्याकडे मूल नव्या कोऱ्या डायपरमध्ये जात असे. त्यांना डाग फक्त कापडावर, धुतल्यानंतरचा, दिसत होता. त्यांनी सोनोग्राफी करून घेतली. तीही चांगली आली. कधीतरी येणारे आणि तपासणीच्या वेळी नेमके न सापडणारे रक्त, एवढीच शक्यता उरली. ती तपासायची तर मूत्राशयात दुर्बीण घालायची आणि एवढ्या लहान मुलाला त्यासाठी पूर्ण भूल द्यायची.

घरात काय चालले होते ते पूजाने सोनोग्राफीनंतर रिपोर्टची प्रत न्यायला आली तेव्हा सांगितले. नवऱ्याचे म्हणणे होते की तीन तीन रिपोर्ट चांगले आहेत तर ही उगाच डाग घेऊन फिरते. सासूबाई साबण बदलून पाहत होत्या.

“नॉर्मल नॉर्मल म्हणताय काका, पण डाग तर पडतोय. भूल दिल्यावर याला काही झालं तर मी काय करू? आणि नाही करून घेतलं आणि आत काही असलं तर?”

मी तिला सांगितले की अहवालात डागाला रकाना नसतो. हे खरे होते. तिला त्याचा उपयोग नव्हता.

दुर्बिणीच्या आधीची रक्त-लघवी तपासणी शनिवारी संध्याकाळी झाली. अहवाल नेहमीसारखा, अर्ध्या तासात. त्या दिवशी आमचे सिंक तुंबले होते. प्लंबर सोमवारी येणार होता. म्हणून दिवसभराच्या बाटल्या ओतल्या नाहीत. झाकणे अर्धवट लावून ओट्यावर रांगेत ठेवल्या आणि लॅब बंद केली. रविवारी सुटी.

सोमवारी झाडू-पोछा करणाऱ्या कमळमावशी माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. मावशी जवळच्या राई गावच्या. घरची शेती आता इमारतीखाली आहे. स्वच्छतेबाबत त्या कोणाचे ऐकत नाहीत.

“सावंत, या बाटलीन चाय कोनी ठेवलाय? उंदीर येतील न मंग माझ्या नावानं बोंबलाल.”

“चहा न्हाय तो, मावशी.”

“न्हाय तं काय हाय?”

मी बाटलीवरचे नाव वाचले. बाकीच्या बाटल्या गढूळ पिवळ्या होत्या. ही वरून काळी होती, मध्ये तपकिरी आणि तळाशी अजून थोडी पिवळी. जिथे हवा लागली होती तिथून रंग खाली उतरत गेला होता.

चिकाची लांज्याला मला सवय होती. केळीचे खोड कापले की कोयत्यावरचा रस आधी पाण्यासारखा असतो. त्यातले विकर हवेतला ऑक्सिजन घेते आणि रस काळा होतो. म्हणून केळी कापताना घरातले सगळ्यांत जुने कपडे घालतात. सासूबाईंनी दोन महिन्यांपूर्वी काउंटरवर जे वाक्य म्हटले होते, ते केळीबद्दल होते. या बाटलीबद्दलही ते शब्दशः बरोबर होते. आम्ही प्रत्येक वेळी नमुना उमटायच्या आत ओतून देत होतो.

मी बाटली मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली.

“सावंत, पहले वो पूछो, बच्चे को विटामिन सी देते हैं क्या? कोई टॉनिक? आणि ताजा नमुना घेऊन यायला सांगा. आत्ता.”

पूजा आणि सासूबाई तासाभरात आल्या. टॉनिक नाही, गोळ्या नाहीत. “वरण-भात, आणि भिंतीचा चुना मिळाला तर तो,” सासूबाई म्हणाल्या. ताजा नमुना फिकट पिवळा होता. मॅडमनी दोघींना आतच उभे राहू दिले, हे सहसा होत नसे.

पट्टी बुडवली. साखर नाही. रक्त नाही. वरच्या कप्प्यातून निळे द्रावण काढून उकळले. खाली विटकरी साका बसला आणि वरचे पाणी काळसर झाले. पट्टी नाही म्हणत होती, बेनेडिक्ट हो म्हणत होते. म्हणजे साखर नव्हती, पण साखरेसारखा तो रासायनिक स्वभाव असलेले दुसरे काहीतरी नक्की होते. मग मॅडमनी तिसऱ्या नळीत उरलेला नमुना घेतला आणि त्यात कॉस्टिक सोड्याचे काही थेंब सोडले. साबणात जो खार असतो तोच यात असतो, अधिक तीव्र. नळी हलवली. आमच्या समोर नमुना तपकिरी झाला आणि मग काळा.

सासूबाई आधी बोलल्या.

“साबण लावला की आणखीन उमटतो, मी सांगितलं होतं.”

“आणि केळं नाही, लघवी आहे, हे मी सांगितलं होतं,” पूजा म्हणाली.

“ते तर आहेच,” सासूबाई म्हणाल्या आणि ईशानला तिच्या कडेवरून स्वतःच्या कडेवर घेतले.

मॅडमनी तिथूनच बालरोगतज्ज्ञांना फोन केला. बुधवारची तपासणी पुढे ढकलण्यात आली. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. संशयावर अहवाल देता येत नाही, त्यामुळे त्या दिवशी पूजाला कागद मिळाला नाही. ती म्हणाली कागद नको, ती नळी द्या, नवऱ्याला दाखवायची आहे. नळी देता आली नाही. तिने मोबाइलवर फोटो काढला.

काही दिवसांनी मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. आजाराचे नाव अल्काप्टोन्युरिया. क्वचित आढळणारा, आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन बिघडलेली जनुके आली तरच होणारा. मॅडमनी तो दोघींना समजावून सांगितला तेव्हा मी ओट्याशी काम करत होतो.

आपण खातो त्या प्रथिनांतला एक घटक शरीर पायरीपायरीने मोडते. प्रत्येक पायरीवर एक विकर असते. त्यातल्या लागून असलेल्या दोन पायऱ्यांवरची विकरे ऑक्सिजन वापरतात. पहिले एक पदार्थ तयार करते, दुसरे तो फोडते. ईशानचे पहिले काम करत होते, दुसरे करत नव्हते. मधला पदार्थ साचून लघवीत उतरत होता. तो रंगहीन असतो आणि हवेत काळा पडतो. रक्ताचा, मूत्रपिंडाचा, मूत्राशयाचा यात संबंध नव्हता. लहानपणी डागापलीकडे फारसा त्रास होत नाही. मात्र तोच पदार्थ वर्षानुवर्षे सांध्यांच्या कुर्चेत बसतो आणि पुढे, तिशी-चाळिशीच्या आसपास, पाठ आणि गुडघे धरू लागतात.

“याला औषध आहे?” पूजाने विचारले.

“आहे. पहिली पायरीच थांबवणारं. मधला पदार्थ बनलाच नाही तर साचणार कुठून? पण ते लहान वयात सहसा देत नाहीत. मोठा झाल्यावर तज्ज्ञ ठरवतील.” मग मॅडम पूजाला म्हणाल्या, “गंमत अशी, की ते सापडलं तणनाशकांच्या संशोधनातून. तुमच्या माहेरी मक्यात मारत असतील ना, तण पांढरं पडतं ते? त्या कुळातलं.”

हे वाक्य पूजाने त्याच संध्याकाळी भावाला फोनवर सांगितले. मराठीत डॉक्टर देतात तेही औषध आणि पिकावर मारतात तेही औषध. पुढच्या शनिवारी तिचा भाऊ योगेश येवल्याहून आला, बहिणीला घेऊन लॅबमध्ये शिरला, पिशवीतून एक अर्धी भरलेली बाटली काढली आणि काउंटरवर नमुन्यांच्या शेजारी ठेवली.

“हेच ना औषध? मागच्या हंगामाचं आहे, पण सील यंदाच फोडलेलं. म्हटलं लेबल दाखवावं डॉक्टरांना. किती द्यायचं ते—”

मॅडम आतून बाहेर आल्या. मी त्यांना इतक्या जलद येताना फार वेळा पाहिलेले नाही.

“पहले वो बॉटल बाहर. आत्ताच्या आत्ता. रस्त्यावर नाही, तुमच्या पिशवीत, आणि पिशवी घट्ट बांधा.”

“मी पाजायला नाही आणलं हो, मॅडम,” योगेश म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “दाखवायला आणलं.”

“हा येडा आहे,” पूजा म्हणाली. “एवढासा असताना यानं शेळीला क्रोसिन दिली होती.”

“जगली ना पण शेळी?”

बाटली पिशवीत गेली, पिशवी कमळमावशींच्या बादलीत आणि बादली मागच्या दाराबाहेर. मग मॅडमनी त्याला बसवले. चुलतभाऊ-चुलतभाऊ एकाच आडनावाचे असले तरी एकाच्या नावावरचा सातबारा दुसऱ्याला चालत नाही, तसे हे आहे, असे त्यांनी सांगितले. कूळ एक, रेणू वेगळा, मात्रा वेगळी. शेतातली बाटली माणसासाठी विष आहे. त्याने हे तीनदा स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवले, कारण मॅडमनी म्हणायला लावले.

नंतर त्याने जो प्रश्न विचारला तो मला आवडला. “तण पांढरं का पडतं, आणि मका का मरत नाही?”

वनस्पतीतही ती पहिली पायरी असते, मॅडम म्हणाल्या. तिथे तयार होणारा पदार्थ पानाला हवा असतो. त्याच्यावाचून हिरव्या रंगाला उन्हापासून संरक्षण मिळत नाही. औषधाने पायरी बंद पडली की पान उन्हात पांढरे पडते आणि तण मरते. मका वाचतो, कारण मक्याकडे ते औषध भराभर मोडणारी दुसरी विकरे आहेत. तीही ऑक्सिजन वापरतात. त्यांच्या कुळातली विकरे आपल्या यकृतात असतात आणि आपण घेतो त्या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्या मोडतात.

योगेशने मोबाइलमधला शेताचा फोटो दाखवला. हिरव्या मक्याच्या ओळी आणि मधे चुन्यासारखे पांढरे गवत. पूजाने तिचा मोबाइल त्याच्या शेजारी धरला. त्यावर काळ्या नळीचा फोटो होता.

“तुझं पांढरं आणि माझं काळं,” ती म्हणाली.

“पायरी चुकली,” योगेश म्हणाला.

या कामात असे दिवस थोडे आले. बहुतेक दिवस साखर, थायरॉइड आणि डेंग्यूचे. उपाशीपोटी या सांगितले तर ‘फक्त चहा आणि दोन बिस्किटं’ घेऊन येणारे लोक. मला वाईट वाटते ते एवढेच की किती बाटल्या उमटायच्या आत ओतल्या गेल्या हे कळायला मार्ग नाही. बाकी तक्रार नाही. निवृत्त झालो तेव्हा मॅडमनी ती निळ्या द्रावणाची बाटली मला देऊ केली. मी ती कप्प्यातच ठेवायला सांगितले.

दुर्बिणीची तपासणी झाली नाही. ती रद्द केल्याचे बालरोगतज्ज्ञांनी लेखी कळवले. ईशानला वर्षातून एकदा तपासणीसाठी नेतात. त्याच्या आजीने पुढचे सगळे लंगोट गडद निळ्या कापडाचे शिवले. आता त्याला ते लागत नाहीत. यंदा तो बालवाडीत जाऊ लागला.

लॅबच्या दारावरची पाटी तीच आहे. लहान मुलांच्या लघवीचा अहवाल अजूनही अर्ध्या तासात मिळतो, पण नमुना दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवतात: खिडकीत, झाकण सैल करून. मागच्या महिन्यात मी माझ्या जागी आलेल्या तंत्रज्ञाला विचारले. खिडकीतली दुसरी कोणतीही बाटली आजवर काळी झालेली नाही.